होडीवरचा दिवा कुठे लावाल?

माले गावाजवळ मुळशीच्या जलाशयावर अमावस्येला होडीत लखलखीत दिवा लावला, तर आधी दिपतात ते नावाड्याचेच डोळे! अंधाराला सरावायला डोळ्यांना २०-३० मिनिटं लागतात. पांढरा झोत ती कमाई क्षणात घालवतो. म्हणून पायाशी मंद तांबडा दिवा बरा. मात्र तो बाहेरून दिसता कामा नये. कारण १९७२च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत लाल म्हणजे होडीची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. ७ मीटरहून लहान, ताशी ७ सागरी मैलांपेक्षा वेगानं न जाणाऱ्या होडीला चहूबाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवा चालतो. तो बसलेल्यांच्या डोक्यांहून उंच काठीवर हवा. आणि ती काठी बसवताना स्क्रूच्या भोकांत सीलंट भराच. लाकूड तिथूनच कुजायला लागतं.