निखळलेला दात दुधात ठेवा
सुरतेत लिंबायत-उधन्याला आम्हा खानदेशी मंडळींची वस्ती मोठी. लूमवर रात्रपाळीत दाढ ठणकली की गालात तंबाखू धरायची, हा आमच्याकडचा जुना उपाय. माझ्या मते शुद्ध आत्मघात. लवंगेच्या तेलाने घटकाभर बरं वाटतं, कीड जात नाही.

उत्तरायणात पतंगामागे धावणारी पोरं तोंडावर आपटतात, दात मुळासकट निखळतो. पक्का दात असेल तर मुळाला हात न लावता वरून धरा, माती लागली असल्यास दुधाने हलकेच धुऊन खाचेत बसवा. जमलं नाही तर दुधात ठेवून अर्ध्या तासात दातांचा डॉक्टर गाठा. (दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.)

दाढदुखीत गाल सुजून ताप आला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर कामाची पाळी संपायची वाट पाहू नका. थेट इस्पितळात जा.