म्हातारपणी तिच्या नावावर काय?

बियाणे आणि खतांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज थोडे घरातल्या म्हातारीविषयी बोलू. पेटीतला सातबारा काढा आणि त्यावरची नावे मोठ्याने वाचा. मग आजीला विचारा, त्या शेतात तिने किती पावसाळे लावणी केली?

आपला भिवंडी तालुका भाताचा. राबासाठी शेण-पाला डोक्यावरून वाहायचा, भर पावसात वाकून आवण काढायचे, लावणी करायची, घरी आलेले धान्य पाखडायचे, ही सारी कामे बायांची. तरी नांगर धरणारा तो शेतकरी, आणि लावणी करणारी ती शेतकऱ्याची बायको! 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या दर 100 वहितीदारांत बाया सुमारे 14 च भरल्या.

अंगात बळ असते तोवर हा फरक टोचत नाही. साठी उलटते, गुडघे धरतात, लावणी सुटते, तेव्हा तो कळतो. म्हाताऱ्याच्या नावावर जमीन असते, म्हणून खाटेवर पडला तरी त्याचा शब्द चालतो. म्हातारीला मात्र एस.टी.च्या भाड्यालाही मुलापुढे हात पसरावा लागतो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तर आधी कोणाला दवाखान्यात नेतात, हे तुमचे तुम्हीच आठवून पाहा. त्यातून नवरा बहुधा वयाने मोठा. त्यामुळे मागे एकटीने दिवस काढण्याची पाळी बहुतेक वेळा बाईवरच येते.

अमेरिकेतल्या लेखिका सुसान साँटॅग यांनी 1972 साली लिहिले, की म्हातारपण मोजण्याचे माप पुरुषाला एक आणि बाईला दुसरे असते. आपल्याकडे पाहा, पिकल्या केसांचा पुरुष पंच म्हणून शोभतो आणि तशीच बाई अडगळ ठरते. आपल्या देशातल्या अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी 1994 च्या त्यांच्या ग्रंथात बाईच्या हाती जमीन नसणे हेच तिच्या दुबळेपणाचे मोठे कारण दाखवले. म्हणजे म्हातारीची लाचारी वयामुळे येत नाही. जन्मभर केलेल्या कामाची नोंद कुठेच झालेली नसते, ती बाकी म्हातारपणी निघते.

भिवंडीत हा प्रश्न आणखी तातडीचा आहे. काल्हेर, पूर्णा, वळ, माणकोली या बाजूला भातखाचरांवर गोदामे उभी राहिली. आमण्यापर्यंत समृद्धी महामार्ग आला. जमीन विकली किंवा रस्त्यात गेली, की पैसा कागदावर नाव असलेल्याला मिळतो. म्हातारीचे मात्र भाजीचे वाफे जातात, गवत जाते, आणि त्यांच्याबरोबर हातात खुळखुळणारे चार पैसेही जातात.

यावर उपाय काय? पहिला उपाय धन्याने हयातीतच करायचा आहे. 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली आणि अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. 1992 साली शासनानेही नवऱ्याच्या संमतीने सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, याची चौकशी करा.

दुसरी गोष्ट वारसनोंदीची. मृत्युपत्र न करता धनी गेला, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या वाट्यात बायको, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई, या सर्वांना सारखा हिस्सा आहे. तीन महिन्यांत वारसांची वर्दी द्या आणि म्हातारीचे नाव वगळू नका. 'सही कर गं आई, तुला काय करायचीय जमीन,' असे म्हणून तिच्याकडून हक्कसोड लिहून घेऊ नका. आयांनो, तुम्हीही कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

तिसरी गोष्ट. मुलाला जमीन बक्षीस द्यायचीच असेल, तर सांभाळ करण्याची अट त्याच कागदात लिहून घ्या. तशी अट असून मुलाने सांभाळले नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून तो व्यवहार रद्द करून घेता येतो.

चौथी गोष्ट निराधार आणि श्रावणबाळ योजनांची. गरीब विधवांना व 65 वर्षांवरच्या गरीब वृद्धांना त्यांतून महिना 1500 रुपये मिळतात. अर्ज तहसील कचेरीत करावा. पैसे जमा झाले, की पासबुक तिच्याच हाती राहू द्या.

कोणी म्हणेल, नाव लावल्याने घर फुटेल. पण बाईचे नाव लागले म्हणून बांध हलत नाही आणि चूलही वेगळी होत नाही. उलट सुनेलाही कळते, की आज सासूला जे मिळाले तेच उद्या तिच्या वाट्याला येणार आहे. भाताची लावणी आषाढात उरकावी लागते, कार्तिकात करून चालत नाही. नाव लावण्याचे कामही धनी धडधाकट आहे तोवरच उरका.