एका ग्रॅम कोळशाचा हिशेब

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात जळणाऱ्या कोळशाची प्रत डोळ्यांनी ठरत नाही. 2012 पासून भारतात अशा कोळशाची प्रतवारी त्याच्या उष्मांकावर होते आणि तो मोजतो बॉम्ब कॅलरीमीटर!

नाव भीतिदायक, पण काम मोठं देखणं. जाड पोलादी भांड्यात छोटी मूस; तिच्यात कोळशाच्या भुकटीची सुमारे एक ग्रॅमची गोळी. गोळीला टेकलेला सुती धागा, धाग्याला बारीक तार. झाकण घट्ट आवळून सुमारे 30 वातावरण दाबाने ऑक्सिजन भरायचा, भांडं पाण्यात बुडवायचं आणि तारेतून वीज सोडायची. बाहेर ना ज्वाळा, ना आवाज. फक्त तापमापीचा आकडा हळूहळू चढू लागतो.

आधी उपकरणाची स्वतःची उष्माधारकता काढावी लागते. त्यासाठी बेंझोइक आम्ल जाळतात. त्याच्या एका ग्रॅममधून 26.43 किलोज्यूल मिळतात, हे पक्कं ठाऊक आहे. समजा, तापमान 2.60 अंशांनी वाढलं. 26.43 भागिले 2.60, म्हणजे अंशाला 10.17 किलोज्यूल.

आता एक ग्रॅम कोळसा. वाढ 1.70 अंश. गुणाकार केला की साधारण 17.3 किलोज्यूल, म्हणजेच किलोला सुमारे 4,130 किलोकॅलरी. ही झाली जी-11 प्रत: 4,001 ते 4,300.

काटेकोर मोजणीत तार-धाग्याची उष्णता वजा करतात. गंधक आणि नायट्रोजनपासून आत तयार झालेल्या आम्लांचीही! भांड्याचं आकारमान बदलत नसल्याने हाती येतो तो अंतर्गत ऊर्जेतला बदल. एन्थाल्पीसाठी वायूंच्या मोलसंख्येतला फरक धरून पुढची दुरुस्ती करतात.