इंटरनेट सेवापुरवठादारांचे शासकीय नियमन : अमेरिका व भारत

इंटरनेट सेवा पुरविणारी कंपनी ही केवळ वाहतूकदार आहे की मालाची निवड करणारी व्यापारी, हा प्रश्न नियमनविषयक वादाच्या मुळाशी आहे. ती वाहतूकदार असेल, तर टपाल वा रेल्वेप्रमाणे सर्वांना समान वागणूक देण्याचे बंधन तिच्यावर घालता येते. व्यापारी असेल, तर दर व अटी ठरविण्याची मोकळीक तिला द्यावी लागते.

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर वारंवार बदलले. तेथील १९९६ च्या दूरसंचार कायद्याने ‘दूरसंचार सेवा’ व ‘माहिती सेवा’ असा भेद करून कठोर बंधने पहिलीवरच ठेवली. केबलद्वारे मिळणारे इंटरनेट ही ‘माहिती सेवा’ होय, ही फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ग्राह्य धरली. आयोगाने २०१५ मध्ये ब्रॉडबँडला पहिल्या वर्गात आणले, २०१७ मध्ये तो निर्णय फिरविला आणि २०२४ मध्ये पुन्हा स्वीकारला. जानेवारी २०२५ मध्ये सहाव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने तो रद्द ठरविला. संदिग्ध कायद्याचा प्रशासनाने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मान्य करावा, ही जुनी प्रथा सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्येच मोडीत काढली होती. विशेष म्हणजे २००५ चा निकालही त्याच प्रथेवर उभा होता. सत्तांतरागणिक बदलणाऱ्या अशा नियमनावर कंपनी वा ग्राहक कोणीही विसंबू शकत नाही.

भारतात हा वर्गवारीचा पेच उद्भवला नाही. १९९८ च्या धोरणानुसार खासगी सेवापुरवठादार या क्षेत्रात आले ते मुळातच शासनाचा परवाना घेऊन. शिवाय दरांविषयीचे अधिकार १९९७ च्या कायद्याने ट्राय या नियामक प्राधिकरणाकडे होते. त्या अधिकारातूनच ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने आशयानुसार वेगवेगळे दर आकारण्यास बंदी घातली. उल्लंघनास प्रतिदिन ५० हजार व कमाल ५० लाख रुपये दंड ठेवला. आपत्कालीन सेवांपुरती मात्र सवलत दिली. निवडक संकेतस्थळे विनामूल्य देणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना यामुळे भारतात बंद पडली. गरिबाला काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळणे बरे, हा तिच्या समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. परंतु ते ‘थोडे’ कोणते, हे ठरविणारी एकच कंपनी असणार होती, आणि ज्याने इंटरनेट पूर्वी पाहिलेलेच नाही त्याला वगळलेल्या भागाची जाणीव होण्याची शक्यताही कमी होती. ट्रायचा निर्णय या कारणास्तव योग्य ठरतो.

तथापि २०१६ ची बंदी दरांपुरतीच होती. आशय अडविणे अथवा त्याचा वेग मुद्दाम कमी करणे याविरुद्धची तत्त्वे ट्रायच्या २०१७ मधील शिफारशींनंतर जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने मान्य केली. त्यांच्या पालनावर देखरेख ठेवणे अधिक अवघड आहे. दर जाहिरातीत दिसतो. वेगातील पक्षपात केवळ तांत्रिक मोजणीतूनच उघड होतो.

या चर्चेत एक बाजू बहुधा दुर्लक्षित राहते. उपरोक्त नियम कंपन्यांना बांधतात, शासनाला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये केंद्र शासन संकेतस्थळे रोखू शकते, तसेच एखाद्या प्रदेशातील सेवा स्थगितही करता येते. जम्मू-काश्मीरमधील सेवाबंदीसंबंधी अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये असे आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक ठरविले आणि अनिश्चित काळासाठी सेवा स्थगित ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले.