सीएसव्ही संचिका
सीएसव्ही संचिका म्हणजे सहसा स्वल्पविरामांनी विभागलेली माहिती साध्या मजकुराच्या रूपात साठवणारी संगणकीय संचिका होय. ती कोणत्याही मजकूर संपादकात उघडते. मात्र दुहेरी टिचकी मारल्यास ती बहुधा एक्सेलमध्ये उघडते आणि घोटाळा तेथेच होतो.

एक्सेल प्रत्येक मूल्याचा प्रकार स्वतःच ठरवते. त्यामुळे क्रमांकाच्या आरंभीचे शून्य गळते, तर १५ पेक्षा अधिक अंकी खातेक्रमांकाचे उरलेले अंक शून्य होतात. 'मार्च१' या जनुकनामाची तारीख होते. हा प्रकार इतका वाढला की २०२० मध्ये जनुकनाम समितीने अशा जनुकांची नावेच बदलली. हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली.

एक्सेलच्या पत्रकात १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या एक्सएलएस स्वरूपात मात्र ६५,५३६ च. या जुन्या मर्यादेमुळे २०२० मध्ये इंग्लंडमधील १५,८४१ कोविड रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला.

अनोळखी संचिका आधी मजकूर संपादकात पाहणे इष्ट असते. तेथे विभाजक चिन्ह जसेच्या तसे दिसते. लिब्रेऑफिस कॅल्क उघडतानाच संकेतन व स्तंभाचा प्रकार विचारते. देवनागरी नावे विचित्र चिन्हांत दिसल्यास यूटीएफ-८ निवडावे. पुन्हा जतन केलेली नसेल, तर मूळ संचिका शाबूत असते. लाखो ओळींसाठी एसक्यूलाइट किंवा पायथनमधील पांडाज सोयीचे ठरते. अर्थात पांडाजही न सांगता आरंभीचे शून्य गाळते. स्तंभ मजकूर म्हणून वाचण्याची सूचना द्यावी लागते.