धुराला वाट द्या, बॉस!

थर्टीफर्स्टचा प्लॅन यंदा एकदम हटके होता. ना लोणावळा, ना गोवा. थेट वैजापूर! आमचं मूळ घर तिथं. पुण्याहून नगर, शिर्डी, कोपरगाव करत मी पोचलो, मुंबईची भावंडं समृद्धी महामार्गानं आली. आणि या सगळ्या गँगचं खास आकर्षण होतं माझ्या चुलतभावानं बनवून घेतलेला स्मोकर.

स्मोकर म्हणजे काय, असं विचारू नका. वीकएण्डला अमेरिकन बार्बेक्यूचे व्हिडिओ बघून तोंडाला पाणी सुटलेल्यांपैकी तुम्हीही असालच! दोनशे लिटरचा लोखंडी पिंप, खाली कोळशाची जाळी, वर मांसाची जाळी, झाकणाला छोटं नळकांडं. फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन दिवसांत तयार. फंडा सोपा : आच मंद ठेवायची, साधारण ११० अंश सेल्सिअसच्या आसपास, कोळशावर बाभळीच्या किंवा आंब्याच्या लाकडाचे तुकडे टाकायचे आणि चार-पाच तास धीर धरायचा. चिकन धुरात हळूहळू शिजतं आणि चव... अहाहा!

प्रॉब्लेम एकच. त्या संध्याकाळी वाऱ्यानं अंगणात उभं राहू दिलं नाही. मग भावाची आयडिया : ‘‘गाडी बाहेर काढ. पिंप गॅरेजमध्ये लावू.’’

आमचं गॅरेज म्हणजे घराला चिकटलेला शटरचा गाळा. वर पत्रे, मागच्या भिंतीत एक छोटा एक्झॉस्ट फॅन, आणि घरात उघडणारं एक दार. शटर अर्धं वर, फॅन चालू, की झालं व्हेंटिलेशन. इंजिनीअर होतो ना आम्ही सगळे!

आजी दारात आली, पिंपाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘पोरांनो, याचं धुराडं कुठंय?’’ आम्ही नळकांडं दाखवलं. ‘‘ते तर खोलीतच सोडतंय की,’’ ती म्हणाली. आम्ही हसलो.

धूर गेला, पण...

पहिला तासभर डोळे चुरचुरले. मग कोळसा छान लाल झाला, धूर जवळपास दिसेनासा झाला. गार वारा आत येत होता म्हणून कुणीतरी शटर खाली ओढलं, वीतभर फट ठेवून. फॅनचा खडखडाट गाण्यांच्या आड येत होता म्हणून तोही बंद केला. धूरच नाही तर फॅन कशाला? आत मस्त ऊब होती. गप्पा रंगल्या.

साडेनऊच्या सुमाराला माझं डोकं ठणकायला लागलं. प्रवासाचा शीण, म्हटलं. धाकटी आतेबहीण म्हणाली, ‘‘दादा, मळमळतंय.’’ आणि तिला उलटी झाली. कोविडच्या काळातला ऑक्सिमीटर घरात होता. तिच्या बोटाला लावला. ९८! सगळे निश्चिंत. ‘‘ॲसिडिटी असेल, झोप जरा.’’

तेवढ्यात आजी आली. चौघा जणांनी कपाळ धरलेलं तिनं बघितलं आणि ओरडलीच, ‘‘उठा! सगळे आधी बाहेर निघा!’’ आतेबहीण उठली आणि तिचे पाय लटपटले. आम्ही तिला उचलून अंगणात आणलं, तिथून थेट डॉक्टरांकडे. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : कोळसा होता का? खोली बंद होती का? आणि लगेच ऑक्सिजनचा मास्क लावला. पहाटेपर्यंत ती नॉर्मल झाली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. फॅन मीच बंद केला होता.

हा व्हिलन दिसत नाही

व्हिलनचं नाव कार्बन मोनॉक्साइड. कोळसा किंवा लाकूड पुरेशा हवेशिवाय धुमसलं की हा वायू तयार होतो. आणि स्मोकरचं कामच मुळी धुमसवत ठेवण्याचं! या वायूला रंग नाही, वास नाही. डोळ्यांत जातो तो धूर वेगळा. तो संपला तरी लाल निखारे हा वायू सोडतच राहतात. वजनाला तो साधारण हवेइतकाच, त्यामुळे खोलीभर मिसळतो.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्टपणे या वायूला धरून ठेवतं. म्हणजे तुम्ही श्वास घेत राहता, पण ऑक्सिजनची सीट आधीच बुक झालेली असते. आधी डोकेदुखी, मग मळमळ, चक्कर, गोंधळ, गुंगी. गुंगीत माणसाला उठून दार उघडायचंही सुचत नाही. आणि ऑक्सिमीटरचा तो ९८? साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. त्यामुळे आकडा झकास दिसतो. इथं आकड्यावर नाही, लक्षणांवर विश्वास ठेवायचा. मोकळ्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. म्हणून ‘जरा बाहेर बसू, बरं वाटेल’ एवढ्यावर भागवू नका, दवाखाना गाठा.

आजीचं इंजिनीअरिंग

दुसऱ्या दिवशी आजीनं आमची शाळा घेतली. तिच्या माहेरी धाब्याचं घर होतं. चुलीच्या वर छताला सानं, म्हणजे धूर जायचं भोक. पावसात त्यावर झाकण. धूर वरून जायचा आणि दारातून नवी हवा आत यायची. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची, पण निखारे बाहेर फुलवून मगच आत आणायचे आणि दार पूर्ण लावायचं नाही. ‘‘चूल मांडायच्या आधी धुराची वाट बघायची असते,’’ ती म्हणाली.

अर्थात तिचा जमाना आदर्श नव्हता. त्या चुलींपुढे बायकांनी डोळे आणि फुप्फुसं झिजवली. म्हणूनच १९८०च्या दशकात सरकारनं निर्धूर चुलींची मोहीम काढली, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तरीही घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्या धुरातून आजीची पिढी मोठ्या मुश्किलीनं बाहेर पडली, तोच आम्ही हौसेनं गॅरेजमध्ये कोंडून घेतला होता!

मग गॅरेजमध्ये जमतच नाही का?

हॉटेलांच्या किचनमध्ये जमवतात. पण त्यासाठी काय लागतं ते ऐका. भट्टीच्या चारही बाजूंनी बाहेर येईल एवढं रुंद हूड. त्याच्यावर धातूचा सरळ उभा पाइप, कमीत कमी वळणांचा. तो छताच्या किमान तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आतल्या कुठल्याही उंचवट्यापेक्षा दोन फूट वर जायला हवा. नाहीतर वारा धूर उलटा आत ढकलतो. उष्णता सोसणारा धातूचा पंखा लागतो, कारण साध्या प्लास्टिकच्या फॅनवर चरबी आणि काजळी बसून तोच पेट घेऊ शकतो. आणि जितकी हवा बाहेर फेकली जाते तितकी आत यायला खालच्या बाजूला मोठी जागा हवी. ती नसेल तर फॅन नुसताच गरगरतो, किंवा मिळेल तिथून हवा ओढतो. कधी कधी धुराड्यातून उलटीसुद्धा. शिवाय पाइपमध्ये डांबरासारखा थर साचतो आणि तो पेटतो, म्हणून साफसफाई आलीच.

वर गॅरेज म्हटलं की पेट्रोलची टाकी, इन्व्हर्टरची बॅटरी, रंगाचे डबे, एखादा सिलिंडर. थोडक्यात, घरच्या गॅरेजसाठी उत्तर एकच : कोळशाचा स्मोकर आत लावायचा नाही. शटर पूर्ण उघडं असलं तरी नाही!

तुमच्या पार्टीआधी हे वाचा

* स्मोकर अंगणात, घराच्या दारं-खिडक्यांपासून लांब. गच्चीवर असेल तर जिन्याची खोली आणि बंद बाल्कनी टाळा.
* वाऱ्याला आडोसा हवा तर फक्त एका बाजूला पत्रा उभा करा. चारही बाजू झाकल्या की पुन्हा खोलीच झाली.
* थंडी वाजतेय म्हणून निखाऱ्यांचं घमेलं झोपायच्या खोलीत? चुकूनही नाही.
* कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. धुराचा अलार्म वेगळा, तो हे काम करत नाही.
* पार्टी संपली की निखारे पाण्यानं पूर्ण विझवा. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, बाहेरच.
* एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं तर जेवणाला दोष देऊ नका. आधी सगळे बाहेर!
* नुसता धुराचा स्वाद हवाय? शिजलेल्या भाजीत वाटी ठेवा, त्यात एक निखारा, वर तुपाचा थेंब, झाकण पाच मिनिटं. खिडकी उघडी ठेवा. धुंगार झक्कास!

२६ जानेवारीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा वैजापूरला जमलो. पिंप अंगणाच्या टोकाला, एका बाजूला पत्रा, आम्ही सगळे स्वेटर आणि कानटोप्या घालून कुडकुडत. आतेबहिणीनं पहिलं चिकन फस्त केलं. मांसाहार न करणाऱ्या आजीसाठी जाळीवर वांगी ठेवली होती. भरीत चाखून ती म्हणाली, ‘‘चव चुलीचीच आहे की रे!’’

पाच तास थंडीत उभं राहिल्यावर मिळालेलं ते सर्टिफिकेट होतं. गॅरेजमध्ये आता पुन्हा गाडी उभी असते.