कलेजीतला पाण्याचा फोड
झरी गावात शेळीची कलेजी चिरताना कधी लिंबाएवढा पांढरट, पाण्यानं तट्ट भरलेला फोड निघतो. मी परभणीला शिकलेलो पशुवैद्यक. खाटकाला आधी बजावतो, ‘मामा, कुत्र्यापुढं टाकू नका.’ आत एकायनोकॉकस या पट्टकृमीच्या अळ्या असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे कृमी होतात, विष्ठेतून अंडी पडतात. ती पोटात गेली की माणसाच्याही यकृतात फोड धरतो.

वर्षानुवर्षं तो टिकतो कसा? अळी ‘अँटिजेन बी’ हे प्रथिन पाझरते. ते चरबीचे रेणू वाहतं, वर आपल्या पांढऱ्या पेशींनाही रोखतं. गंमत बघा, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात शोधूनच निदानाला आधार मिळतो. फुफ्फुसातल्या फोडात मात्र चाचणी बऱ्याचदा कोरी येते. तिथं भिस्त मुख्यतः एक्स-रेसारख्या तपासण्यांवर.